११७ मुलं, ३ पट्ट्या आणि एक शाळागीत

आमची शाळा मिरज भागातली, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. मी तिथं विज्ञान शिकवते, पण पेटी वाजवते आणि गांधर्वच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, म्हणून गॅदरिंग आलं की संगीताचं सगळं माझ्याकडं येतं. मागच्या गॅदरिंगला आम्ही पहिल्यांदा समूहगान, बँड आणि वाद्यवृंद असे तिन्ही गट एकाच गाण्यात एकत्र वाजवले, आणि त्यात काय काय बिघडलं, का बिघडलं, काय दुरुस्त झालं आणि काय नाही झालं ते सगळं इथं लिहून ठेवतेय, कारण त्यानंतर आसपासच्या शाळांमधल्या तीनचार शिक्षकांनी विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेलं बरं.

आधी गट सांगते. समूहगानात ६४ मुलं, पाचवी ते नववी, त्यांना गाण्याच्या बाई शिकवतात. बँडमध्ये ३२, पीटीचे सर बघतात, त्यात साईड ड्रम, दोन बेस ड्रम, झांजा, ट्रँगल, सहा बिगुल आणि आठ फ्लूट. वाद्यवृंदात २१ मुलं, आठवड्यातून दोनदा येणारे एक सर आहेत ते घेतात, त्यात चार पेट्या, दोन कीबोर्ड, चार व्हायोलिन, पाच बासऱ्या, दोन सतारी, एक जलतरंग, तबला, ढोलकी आणि एक संबळ. बेरीज ११७. आमच्यासारख्या शाळेत एवढी मुलं वाद्य हातात धरतात याचं श्रेय गावालाही आहे, मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात, २०२४ साली त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि निम्म्या मुलांच्या घरात कुणी ना कुणी भजनी मंडळात, नाहीतर लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारं असतंच. विष्णु दिगंबर पलुसकर बुवा इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, म्हणजे गाणं एकेकट्या शिष्याला न देता वर्गात बसवून पन्नास जणांना शिकवायचं हे ज्यांनी उभं केलं ते याच गावात घडलेले. आणि आज आमच्या शाळेत संगीताचा आठवड्याला एक तास आहे, तोही युनिट टेस्ट जवळ आली की गणिताला जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

गाणं कुठलं घ्यायचं यावर वाद झाला नाही. शाळेचं स्वतःचं गीत आहे, जुन्या एका शिक्षकांनी लिहून चाल लावलेलं, सगळे शुद्ध स्वर, साधा केरवा, मुखडा मध्य सप्तकात आणि शेवटच्या अंतऱ्यात चाल तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत जाते. प्रत्येक मुलाला ते पाठ. म्हणून आम्हाला वाटलं की हे सगळ्यात सोपं.

पहिली एकत्र रिहर्सल

गॅदरिंगच्या १२ दिवस आधी दुपारी अडीचला सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवलं. तोपर्यंत प्रत्येक गटाची स्वतंत्र तयारी चांगली झाली होती, मी तिन्ही ऐकल्या होत्या, तिन्ही छान होत्या. वाद्यवृंदानं सुरुवातीचा तुकडा वाजवला, मुलांनी तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीला सगळं विस्कटलं. कानाला इतकं बोचलं की पाचवीतल्या मुलींनी आपणहून गाणं थांबवलं आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग बँड आला तर ड्रमच्या आवाजानं पुढचं काही ऐकूच येईना आणि गाणं हळूहळू पळायला लागलं, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत समूहगान आणि बँड यांच्यात दोन मात्रांचं अंतर पडलेलं.

त्या दिवशी तिन्ही गटांच्या शिक्षकांमध्ये थोडी कुरबूर झाली, प्रत्येकाला वाटत होतं आपली मुलं बरोबर आहेत. आणि खरंच तिघंही बरोबर होते. शाळा सुटल्यावर मी तिघांनाही थांबवलं, चहा मागवला, पेटी काढली आणि एकेकाला विचारलं की तुमचा सा कुठला, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरता.

समूहगानाचा सा काळी १, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. कारण शाळेतला दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी १ ला लावलेला असतो आणि बाई रोज त्याच तबल्यावर तालीम घेतात. वाद्यवृंदाचा सा पांढरी १, कारण मुलं नवीन आहेत आणि पांढरी १ वरून शुद्ध स्वर वाजवायचे तर काळ्या पट्टीला हातच लावावा लागत नाही, बरेच नवशिके तिथूनच सुरू करतात. आणि बँडचे बिगुल आणि फ्लूट काळी ५ चे, ते कारखान्यातूनच तसे येतात, त्यात आपल्याला काही बदलता येत नाही.

काळी १ आणि पांढरी १ मध्ये फक्त अर्ध्या सुराचं अंतर. आणि अर्धा सूर हेच सगळ्यात वाईट अंतर, कारण दोन्ही सूर इतके जवळ असतात की ते एकमेकांना घासतात, लांब असते तर निदान दोन वेगळे सूर म्हणून तरी ऐकू आले असते. वर्षानुवर्षं तिन्ही गट वेगवेगळे कार्यक्रम करत होते म्हणून हे कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, पण एकत्र बसवायचं ठरवल्यावर पहिल्या दिवशी सा ठरवायला हवा होता आणि ती जबाबदारी माझी होती.

मागच्या रांगेतली मुलं

आता यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. पट्टी कुठली घ्यायची यावर चर्चा सुरू झाली तेव्हा पहिला सूर असा निघाला की समूहगानाची काळी १ च ठेवू, वाद्यवाले जुळवून घेतील. मी म्हटलं उद्या आधी मला समूहगान एकटं ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी मी समोर न बसता मुलांच्या रांगांमधून चालत राहिले, प्रत्येकाच्या तोंडाजवळ कान नेऊन. पुढच्या तीन रांगा गात होत्या. शेवटच्या अंतऱ्यात त्यातल्या बऱ्याच जणी ओरडत होत्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, कारण काळी १ मध्ये तार गंधार म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी ४ होते आणि दहाअकरा वर्षांच्या मुलांना ती एकदा लागते, पाच वेळा नाही लागत. आणि मागच्या रांगेत आठवी-नववीतली १४ मुलं उभी होती, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

त्यातल्या एकाला मी तालीम संपल्यावर विचारलं, अरे तू गात का नाहीस. तो म्हणाला, "बाई, माझा आवाज फुटलाय ना, मला सांगितलंय फक्त ओठ हलव." किती दिवसांपासून? "मागच्या वर्षीपासून." हा मुलगा पाचवीत असताना शाळेच्या प्रार्थनेला पुढं उभा राहून गायचा, मला त्याचा तो आवाज नीट आठवतो.

हे काही आमच्याच शाळेत होतं असं नाही. मुलग्यांचा आवाज साधारण १२ ते १५ या वयात फुटतो, स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि शेवटी आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येऊन बसतो. पण तो एका रात्रीत खाली येत नाही. मधले काही महिने, कधी वर्षभर, वरचे सूर गेलेले असतात आणि खालचे अजून पक्के झालेले नसतात, मध्ये चारपाच सूर तेवढे भरवशाचे उरतात. मुलगा गायला लागला की आवाज मध्येच चिरकतो, वर्गात सगळे हसतात, आणि मग तो गायचं सोडतो. अशा वेळी आपण त्याला ओठ हलवायला सांगतो तेव्हा त्याला कळतं ते एवढंच की आपलं गाणं संपलं. पुष्कळ मुलं त्यानंतर आयुष्यात परत गात नाहीत. मला हे मान्य नाही, आणि मी त्या मीटिंगमध्ये स्पष्ट म्हटलं की चाल मुलांच्या गळ्यावर बसवायची, चालीत बसतात तेवढीच मुलं ठेवायची असं नाही. गाण्याच्या बाईंना वाईट वाटलं थोडं, त्या म्हणाल्या मलाही लहानपणी असंच शिकवलं गेलं, दुसरं काही असतं हे कुणी सांगितलंच नाही. त्यांचंही खरं आहे. त्यांनी पुढं जे कष्ट घेतले ते बघून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

त्या १४ मुलांना मी एकेक करून पेटीजवळ बोलवलं, दार बंद करून, बाकी कुणी नाही. प्रत्येकाला सांगितलं की "आ" करून खाली ये, जिथं आवाज आपोआप बसतो तिथं थांब. कागदावर लिहित गेले. तिघांचा आवाज अजून वरच होता, ते नुसते घाबरून गप्प बसत होते. उरलेल्या ११ जणांना, कमी-जास्त धरून, खालच्या सप्तकातली पांढरी ४ ते काळी ५ एवढा टप्पा आरामात लागत होता. पाच अर्धे सूर. थोडेच आहेत, पण आहेत.

सा कुठं न्यायचा

इथं बिगुलांनी आम्हाला वाचवलं. बिगुलाला भोकं नसतात, बटणं नसतात, फुंकर आणि ओठांचा ताण बदलून जे सूर निघतात तेवढेच निघतात, सा, प, वरचा सा, ग, वरचा प. आमचे बिगुल काळी ५ चे म्हणजे सा काळी ५ वर नेला तरच ते गाण्यात वाजू शकतात, बाकी कुठल्याही पट्टीत त्यांना बाहेर बसावं लागणार. आणि खालची काळी ५ सा धरली तर समूहगान तीन अर्धे सूर खाली येतं, तार गंधार मग पांढरी २ होतो, जो पाचवीतल्या मुलींनाही न ओरडता लागतो. आणि त्या ११ मुलांचा टप्पा? पांढरी ४ ते काळी ५ म्हणजे या पट्टीत बरोबर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, ते मध्य सा.

हे कागदावर जुळलं तेव्हा माझे डोळे भरून आले. सा आणि मंद्र पंचम. तंबोऱ्याचेच सूर. ज्या मुलांना आपण गप्प केलं होतं त्यांच्याकडं नेमका आधारसूर होता. मग त्यांना चाल दिलीच नाही, मुखड्याच्या खाली सा धरायचा, ओळीच्या शेवटी मंद्र पंचमावर यायचं, अंतऱ्यात सा-प-सा असं शब्दांसकट चार मात्रांनी बदलायचं, एवढंच. पहिल्या दिवशी ते लाजत होते. तिसऱ्या दिवशी गाण्याच्या बाईंनी बाकीच्यांना गप्प करून नुसते त्यांचे ११ आवाज सगळ्यांना ऐकवले आणि मग त्यावर मुलींना गायला लावलं, आणि सगळ्या वर्गाला फरक कळला, चाल एकदम जमिनीवर उभी राहिली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वाद्यं उतरवण्याचे आठ दिवस

पट्टी ठरवणं सोपं, २१ मुलांची वाद्यं तिथं नेणं अवघड. पांढरी १ वर बोटं बसलेल्या मुलांना आठ दिवसांत काळी ५ वरून वाजवायला सांगितलं तर ती रडकुंडीला येतात, म्हणून वाद्यागणिक वेगळा उपाय करावा लागला. कीबोर्डला ट्रान्सपोज बटण असतं, उणे २ केलं की बोटं पांढरी १ वरच राहतात आणि सूर काळी ५ चा येतो, काम दोन मिनिटांत संपलं. चार पेट्यांपैकी एक स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी निघाली, ती सरकवली. दुसऱ्या पेटीवर नववीतली एक मुलगी आहे, तिनं हट्टानं नवीन पट्टीत गाणं बसवलं, रोज मधल्या सुट्टीत डबा न खाता बसायची, शेवटी मी तिला माझ्यासमोर डबा खायला लावायचे. उरलेल्या दोन पेट्यांना फक्त सा-प धरायला दिलं.

व्हायोलिन आपल्या पद्धतीनं सा-प ला लावलेली असल्यामुळं चारही तारा एकेक सूर उतरवल्या, बोटं तीच राहिली. सतारींना तसं करता येईना, तार ढिली पडली की आवाज मरतो, जवारी म्हणजे तारेची ती झणकार खुलत नाही. मग त्या दोन्ही सतारी गल्लीतल्या एका वाद्य बनवणाऱ्या काकांकडं नेल्या, त्यांनी बाजाची म्हणजे वाजवायची मुख्य तार जरा जाड घातली, बाकीच्या बघून घेतल्या आणि पैसे घेतले नाहीत, म्हणाले शाळेचं आहे. जलतरंगवाल्या मुलाला सगळ्यात मजा आली, वाट्यांत पाणी वाढवत गेलं की सूर उतरतो, तो अर्धी दुपार चमच्यानं पाणी घालत आणि काढत बसला होता, आणि मी त्या निमित्तानं सातवीच्या वर्गाला ध्वनीचा अख्खा धडा तिथंच शिकवला. बासऱ्या मात्र नव्याच आणाव्या लागल्या, पाच, काळी ५ च्या, आणि त्या जुन्यांपेक्षा लांब असल्यामुळं सहावीतल्या एका मुलीची बोटं भोकांपर्यंत पोचेनात, तिला शेवटी ट्रँगल दिला. त्याची रुखरुख मला आहे, ती काही बोलली नाही पण तिनं बासरीसाठी चार महिने कष्ट केले होते. दायाँ काळी १ चा, गजरा म्हणजे पुडीभोवतीची कड ठोकून फार तर अर्धाएक सूर उतरतो, दीड नाही उतरत, म्हणून मोठ्या तोंडाचा दायाँ एका भजनी मंडळातून मागून आणला.

वाद्यवृंदाचे सर मुलांना या काळात मैहर बँडची गोष्ट सांगायचे. अलाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमाराला साथीच्या आजारात आईबाप गेलेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला, त्यात सतार, सरोदच्या जोडीला व्हायोलिन, पियानो, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेला नलतरंग. सर म्हणायचे, त्यांनी बंदुकीच्या नळ्या सुरात आणल्या, आपल्याला वाट्या आणायच्यात. मुलांवर याचा परिणाम व्हायचा, मी बघितलाय.

एक छोटी गोष्ट राहिली, बिगुलाचा गंधार. तो निसर्गतः येतो तसा येतो आणि पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, दोन्ही एकदम वाजले की खटकतं. म्हणून बिगुलांना गाण्यात सा आणि प एवढंच दिलं, गंधार फक्त सुरुवातीच्या सलामीत, जिथं पेटी वाजत नाही.

मैदान, अंतर आणि ताल

सुराचं झालं, आता लय. ही अडचण सभागृहात कळली नव्हती, मैदानावर पहिली तालीम घेतली तेव्हा कळली. स्टेजवर समूहगान आणि वाद्यवृंद, आणि बँड मावत नाही म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण ३५ मीटरवर. सगळं कानावर जुळवत वाजवत होते आणि गाणं प्रत्येक ओळीला ओढल्यासारखं मागं यायचं. पीटीचे सर मुलांना रागवत होते. मी त्यांना म्हटलं, सर, मुलांचं चुकत नाहीये, हवेचं आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३५ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. बँडला गाणं दहावा भाग उशिरा ऐकू येतं, ते त्यावर बरोबर वाजवतात, त्यांचा ड्रम परत स्टेजवर पोचायला आणखी दहावा भाग, म्हणजे गाणाऱ्या मुलांच्या कानावर ठोका पाचव्या भागानं उशिरा पडतो. आमची लय मिनिटाला १०० ठोके ठरलेली, म्हणजे एक ठोका सेकंदाच्या सहा दशांशाचा. त्यात दोन दशांश म्हणजे ठोक्याचा तिसरा हिस्सा. मुलं ड्रमची वाट बघणार, बँड मुलांची वाट बघणार, आणि दोघं एकमेकांना मागं ओढत राहणार. मी पीटीच्या सरांना टाळी वाजवून लांबून दाखवलं, हात मिटलेला दिसतो आणि आवाज नंतर येतो, आणि ते लगेच म्हणाले, मग डोळ्यानं वाजवू, कानानं नको.

हाच उपाय. बँड लीडर नववीतली मुलगी, छडी फिरवण्यात पटाईत, तिला मैदानाच्या मध्ये बाकावर उभं केलं, पांढरे हातमोजे घालून, तोंड स्टेजकडं थोडं तिरपं, दोन्हीकडून दिसेल असं. सगळ्यांनी तिच्या हाताकडं बघायचं. एक बेस ड्रम मैदानावरून उचलून स्टेजच्या पायथ्याशी आणला म्हणजे गाणाऱ्यांना ठोका जवळून मिळेल. उरलेला बँडही अर्ध्या अंतरावर पुढं आणला. आणि आणखी एक, बँडच्या मुलांचं वाजवणं पायाला बांधलेलं असतं, कवायतीत मिनिटाला १२० पावलं टाकायची सवय, त्यामुळं पाय हलले की लय १२० कडं पळते, म्हणूनच पहिल्या रिहर्सलला गाणं पळत होतं. त्यांना पाय न हलवता वाजवायला शिकवायला तीन दिवस गेले. त्या मुलीनं घरी फोनवर मेट्रोनोम लावून १०० ची लय अंगात मुरवली, तिची आई सांगत होती की भाकरी थापतानासुद्धा माझे हात तिच्या ठोक्यावर पडायला लागलेत.

माईकबद्दल थोडक्यात. साऊंडवाले दादा नेहमीप्रमाणं दोन माईक पुढच्या दोन मुलींच्या हातात देणार होते. तसं केलं की ६४ जणांतल्या दोघीच ऐकू येतात. खूप विनवलं तेव्हा त्यांनी स्टँडवर चार माईक उंच लावून दिले, गटापासून हातभर लांब, आणि शिट्टी मारू नये म्हणून मोठे स्पीकर माईकच्या पुढं, प्रेक्षकांच्या बाजूला नेले. मुलांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून एक छोटा मॉनिटर स्पीकर फक्त पेटी आणि सा-प चा.

वेळ

दरवर्षी गॅदरिंग साडेपाचला सुरू होतं, पाहुण्यांचं भाषण, अहवालवाचन, बक्षिसं, आणि संगीत सगळ्यात शेवटी. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, तो नियम २००० सालापासून आहे आणि योग्यच आहे, पण भाषणं लांबली की कात्री नेहमी मुलांच्या कार्यक्रमाला लागते. त्याच्या आदल्या वर्षी वाद्यवृंदाचे दोन तुकडे असेच कापले होते, मुलं पोशाख घालून विंगेत उभी होती आणि त्यांना घरी जायला सांगितलं. मी मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, यावेळी संगीत आधी, भाषणं नंतर. त्यांनी एक दिवस विचार केला आणि हो म्हटलं, पाहुण्यांना त्यांनी स्वतः फोन केला. याबद्दल त्यांचे मनापासून आभार, सगळ्यांना जमत नाही हे.

त्यात दुसरा फायदा होता. जानेवारीत आमच्याकडं दुपारी ३० च्या आसपास ऊन आणि रात्री उशिरा चांगलीच थंडी. थंड हवेत बासरी उतरते आणि पोलादी तार आखडून चढते, म्हणजे दुपारी जुळवलेली वाद्यं रात्री एकमेकांपासून लांब पळतात आणि दोन्ही विरुद्ध दिशेला. सातला वाजवलं तर हे कमी होतं. तरी आम्ही दुपारी काही लावलं नाही, सूर्य मावळल्यावर मैदानातच लावलं आणि बासरीवाल्या मुलांना सांगितलं की स्टेजवर जाईपर्यंत बासरी स्वेटरच्या आत ठेवा आणि सुरुवातीआधी नुसती फुंकर मारून गरम करा.

त्या संध्याकाळी

सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. आधी प्रत्येक गटाचं स्वतंत्र एकेक, ते नीट झालं. मग मैदानातले दिवे कमी केले, बिगुलांची सलामी, सा-प-सा-ग आणि परत सा, आणि त्या शेवटच्या लांब सा मधूनच ११ मुलांनी आपला सा उचलला. तालमीत हे कधी इतकं नेमकं झालं नव्हतं. बिगुल थांबले आणि त्यांचा सा तसाच राहिला, पहिल्यांदा लोकांना कळेना आवाज कुठून येतोय, मग पेट्या, मग मुली. माझ्या शेजारी गाण्याच्या बाई उभ्या होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

सगळं बरोबर झालं असं नाही. दुसऱ्या अंतऱ्याला एक बासरी उतरलेली स्पष्ट ऐकू आली, ती स्वेटरमधून लवकर बाहेर काढली होती. एका साईड ड्रमवाल्यानं प्रेक्षकांत आई दिसली म्हणून हाताकडं बघायचं सोडलं आणि दोन ओळी तो स्वतःच्याच लयीत होता, बाकावरच्या मुलीनं त्याच्याकडं वळून हात मोठे केले तेव्हा परत आला. आणि संबळ माईकमध्ये इतका मोठा आला की तिसऱ्या अंतऱ्याचे शब्द मागच्या लोकांना कळले नाहीत, हे आम्ही तालमीत तपासलंच नव्हतं कारण संबळवाला मुलगा तेव्हा तापानं घरी होता. तार गंधार मात्र पाचही वेळा लागला, चाल गाणाऱ्या ५३ जणांना, कुणी ओरडलं नाही.

नंतर एका पालकांनी येऊन विचारलं, त्या मागच्या मुलांना तुम्ही बाहेरून आणलं होतं का. मी त्यांना म्हटलं, त्यात तुमचा मुलगा होता.

शाळेच्या संगीताच्या कपाटात आता एक वही आहे. त्यात प्रत्येक वाद्याची पट्टी, प्रत्येक मुलाचा वरचा आणि खालचा सूर आणि तारीख. जून, नोव्हेंबर आणि जानेवारी असं तीनदा लिहायचं ठरलंय कारण सहा महिन्यांत गळा बदलतो. बासरीऐवजी ट्रँगल वाजवलेल्या मुलीसाठी कमी लांबीची, वरच्या सप्तकातली काळी ५ ची बासरी आणलीय, ती आता सातवीत आहे आणि तिची बोटं पोचतात.

आणि ज्याला मागच्या वर्षीपासून ओठ हलवायला सांगितलं होतं तो जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आला, दहावीत गेलाय, आवाज बसलाय, दारातूनच म्हणाला, "बाई, बघा ना आता माझी कुठली आहे." मी पेटी उघडली, तो खाली येत येत थांबला तिथं बोट ठेवलं. काळी १ निघाली, पूर्ण एक सप्तक खाली. वहीत त्याच्या नावापुढं लिहिली.